येळवशीचा उकाळा

कुणी काही प्यायला दिलं की मी आधी हुंगते आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. सुनेला हे मुळीच आवडत नाही. नांदेडला तिच्याकडे राहायला आल्यापासून ती मला दर थंडीत कसल्याशा पुडीतला काढा करून देते, वर "आई, सगळं नैसर्गिक आहे हो," असंही सांगते, आणि मी चष्मा लावून पुडीवरची बारीक अक्षरं वाचेपर्यंत तो गार होऊन जातो. नोकरीसुद्धा मी माझ्या स्वभावाला साजेशीच केली. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासली. रोगी म्हणायचा, मी औषध वेळेवर घेतो. मी मनात म्हणायची, थांब, तुझी बाटली काय म्हणते ते बघू. लोकांना वाटतं नोकरीने मी अशी झाले. तसं नाही. मी अशी होतेच, आणि त्यापायी मी तेरा वर्षांची असताना एका येळवशीच्या सणाला काय करून बसले ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

लातूरकडच्या मुरुडपासून पायी तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. बाबा मुरुडला एका ऑफिसात शिपाई होते, आणि आई गयाकाकूंच्या वावरात रोजाने जायची. गयाकाकू म्हणजे गावातल्या एका जमीनदार कुणब्याची धाकटी सून. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्यांच्या घरात देव्हारा. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, त्यांचा वाडा पलीकडे. पण धाकटी सून असल्यामुळे सासू काकूंनाही वावरात पिटाळायची, आणि खुरपताना दोघींच्या ओळी नेहमी शेजारी-शेजारी असत. आई त्यांना वैनी म्हणायची, त्या आईला सुमन. दिवसभर दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण आई घरी येऊन भाकरी थापताना एकटीच हसायची. मला ते हसू आवडायचं नाही. माझ्या आईला एवढं हसवणारी ही बाई मनात काय ठेवून वागते, असं मला वाटायचं.

वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. आजही त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळी माणसं वावरात. भर थंडीचा सण. कडब्याची कोपी उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची, आणि मग भज्जी म्हणजे सगळ्या दाण्या-पाल्याची मिसळ भाजी, ज्वारीचे उंडे, खीर, बाजरीच्या भाकरी यांवर आडवा हात मारायचा. ज्याला वावर नाही त्यालाही बोलावतात. पूजेशी आमचा संबंध नसायचा. आम्ही जेवायच्या वेळेला जायचो. आणि जाताना आई रिकाम्या हाताने कधी गेली नाही. ती उकाळा घेऊन जायची.

तसा उकाळा आमच्या गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हता. आईचं माहेर नांदेडकडच्या लोहा गावचं. तिथे शेजारी सुंठ-मसाले विकणाऱ्या अत्ताराचं घर होतं, आणि अत्ताराच्या बायकोने, जिला आई खाला म्हणायची, तिला तो शिकवलेला. आधल्या दिवशी आई पाट्यावर सुंठ फोडायला बसायची. तो ठक-ठक आवाज अख्ख्या वस्तीला कळायचा. मग मिरे, लवंगा, दालचिनी, बडीशेप आणि चिमूटभर ओवा, सगळं तव्यावर निराळं निराळं भाजायचं. घरभर असा काही ठसका उठायचा की बाबा शिंकत शिंकत ओट्यावर जाऊन बसत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मोठ्या पितळी चरवीत पाणी चढायचं. पाण्यात मोरीजवळचा गवती चहा, मग सुंठ, मग बाकीचा मसाला, आणि गूळ अगदी शेवटी. "पैले सोंठ, बाद में गुड, जल्दी नक्को कर बेटी," असं खाला म्हणायची म्हणे, आणि आई ते दरवर्षी तिच्याच आवाजात म्हणून दाखवायची. चरवीचं झाकण खडखडायचं थांबून हलकेच थरथरायला लागलं की आई म्हणायची, झाला. मग चरवीला गोधडी गुंडाळायची आणि डोक्यावर घेऊन वावरात. तिथे तीन दगडांच्या चुलीवर पुन्हा ऊन करून पेल्यांत ओतायचा.

आईचा एक नेम होता. दुसऱ्याला द्यायचं ते आधी चाखायचं नाही, उष्टं होतं. हा नेम गावात सगळ्याच बायका पाळायच्या, पण आई जरा जास्तच. "आपल्या हातचं नेतोय आपन. कुनाला बोट दाखवाया जागा नको," असं ती म्हणायची. ते वाक्य मला लहानपणीही खुपायचं.

बाबांना हे जाणं पसंत नव्हतं. ते एकदा जेवताना म्हणाले, "सण त्यांचा, वावर त्यांचं. तू कशापायी ओझं वाहून नेतीस?"

"वावर त्यांचं आसंल," आई म्हणाली, "पर त्यातलं तन मला वळखतंय."

"आन् ते पितात म्हणतीस?"

"वैनी पितात की. धाकल्याच्या येळंला त्यांना खोकल्यानं बेजार केलतं, तवा गोठ्यात बसून माझ्याच हातचा पिल्या हुत्या."

बाबा नुसते हसले. त्या हसण्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. काकू गोठ्यात बसून उकाळा प्यायल्या ही गोष्ट मी आईकडूनच ऐकलेली. पाहिली कुणी होती? आणि प्यायच्याच होत्या तर गोठ्यात का, घरात का नाही? मी तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बघायला लागले.

आणि त्याच वर्षी मला सापडलं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर वावरात गेले होते. आई कामाला लागली आणि मी बोरं वेचायला बोरीखाली. बघते तर बुंध्याशी मुंगळ्यांची रांग. वाकून पाहिलं तर माती जराशी चिकट, आणि तिच्यात सुंठेचे तुकडे, लवंगेची दोन बोंडं. गवती चहाची एक पातसुद्धा होती. आमचा उकाळा कुणीतरी तिथे ओतला होता. मी आईला काही बोलले नाही. पण वर्षभर ते मुंगळे माझ्या डोक्यात फिरत राहिले. कुणी ओतला? एकाने की सगळ्यांनी? काकू दर वर्षी पेला रिकामा करून एकच वाक्य म्हणायच्या, "सुमन, आवंदा तर लईच झ्याक झालाय." दर वर्षी तेच! खरं प्यायलेलं माणूस कधीतरी म्हणेल ना, की आज सुंठ जास्त झाली, गूळ कमी पडला. आणि त्या पिताना मी कधी पाहिलंही नव्हतं. पाहणार कशी? सासू आणि थोरले दीर समोर असले की घरची सून पाठ करून, पदर आडवा धरून प्यायची, अशी रीत. काकू पेला घ्यायच्या, कोपीकडे तोंड करायच्या, आणि वळायच्या तेव्हा पेला रिकामा. बोर तिथून दहा पावलांवर.

माझी खात्रीच पटत चालली की काकू माझ्या आईला फसवतात. आई पहाटे उठून चूल पेटवते, डोक्यावर चरवी वाहते, आणि ही माणसं तिचा उकाळा बोरीला पाजून तिला गोड बोलतात. मला आईची कीव यायची, आणि कीव आली की मला राग यायचा. हे एकदाचं आईच्या पदरात घालायचं असं मी ठरवलं.

पुढच्या येळवशीला गूळ विरघळला, आई आंघोळीला गेली, आणि मी चरवीचं झाकण काढून त्यात दोन मुठी खडेमीठ टाकलं. डावाने ढवळलं. गुळाच्या पाण्यात मीठ दिसत नाही, आणि आई चाखणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. हिशेब सरळ होता: पितील तर तोंड वाकडं करतील, ओततील तर झ्याक म्हणतील. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पुढे प्रयोगशाळेत आमचे वरिष्ठ नव्या पोरांना सांगायचे, की ज्या चाचणीतून एकाच उत्तराचे दोन अर्थ निघतात ती चाचणीच नव्हे. तेव्हा मी दर वेळी खिडकीबाहेर बघायची.

त्या दिवशी वावरात धुकं उशिरापर्यंत होतं. ज्वारीच्या कणसांवरून पाणी ठिबकत होतं, आणि भज्जीच्या वासाने भूक खवळली होती. आईने उकाळा ऊन केला. काकूंनी घरून आणलेले पेले मांडले. पहिला पेला त्यांनी सासूला दिला. सासूला गाव जिजी म्हणायचं. ती पेला घेऊन चुळा भरायला जावं तशी बाजूला गेली. थोरल्या दिरांना चहाशिवाय काही चालत नसे, ते पान चघळत बसून होते. काकूंचे मालक नानाकाका पेला घेऊन विहिरीकडे गेले, आणि जरा वेळाने तिथून त्यांनी पाणी मागितल्याचं मी ऐकलं. ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. माझे डोळे काकूंवर होते. त्यांनी पेला घेतला, पदर ओढला, कोपीकडे तोंड केलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग त्या वळल्या. पेला रिकामा.

"सुमन," काकू म्हणाल्या, "आवंदा तर लईच झ्याक झालाय."

माझ्या अंगातून वीज गेली. काकू भज्जीच्या पातेल्याकडे वळल्या तशी मी आईच्या हातात पेला दिला. "आई, तू पी."

"आगं, आधी त्यांचं हू दे."

"पी की."

आईने घोट घेतला आणि तिचं तोंडच बदललं. तिने मातीत थुंकलं, चरवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय केलंस गं?"

"मीठ घातलं," मी म्हणाले. "दोन मुठी. आता सांग, त्यांना झ्याक कसा लागला? त्या पितच न्हाईत आई. कुनीच पीत न्हाई. समदे बोरीखाली वततात, मी मुंगळे बघितलेत."

मला वाटलं होतं आई चिडेल. काकूंवर, नाहीतर माझ्यावर. तिने मारलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. तिने चरवी उचलली, जे होतं ते सगळं बांधाकडेला ओतलं, गोधडी खांद्यावर टाकली आणि निघाली. मी मागे. काकू हातात भाकरी-भज्जी घेऊन बांधापर्यंत धावत आल्या, "आगं सुमन, जेवून तरी जा, काय झालं?" आई म्हणाली, "डोसकं दुखतंय वैनी." वळून पाहिलं नाही. ओढ्यात उतरताना मी तिच्या पुढे झाले तेव्हा पाहिलं, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी जिंकले होते. आईला वावरात हसवणारं जगात एकच माणूस होतं आणि ते मी तिच्याकडून काढून घेतलं, एवढं मला तेव्हाही कळलं.

तीन दिवस आई कामाला गेली नाही. आपल्याला बरं नाही असं तिने बाबांना सांगितलं. माझ्याशी कामापुरतं बोलायची. ती भाकरी थापायची आणि घरात नुसता तळहाताचा आवाज. मी मनाशी घोकत होते की मी खोटं काही केलं नाही, जे होतं तेच उघडं पाडलं. पण तीच गोष्ट दिवसातून दहादा स्वतःला सांगावी लागली की आपलाच आपल्याला संशय यायला लागतो.

चौथ्या दिवशी भर दुपारी गयाकाकू आमच्या दारात. एकट्या. याआधी त्या दोन-तीनदा वस्तीत आल्या होत्या, पण ओट्यावर टेकून परत जायच्या. त्या दिवशी चपला काढून सरळ आत आल्या आणि आईसमोर जमिनीवर बसल्या. आई धान्य निवडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

"सुमन, घरात काय झालंय?" काकूंनी विचारलं.

"काय व्हायचंय?"

"लपवू नको. एवढ्या वर्साचा तुझा हात, कधी चुकला न्हाई. गुळात दोन दोन मुठी मीठ पडायला मानसाचं चित्त कुटं आसावं लागतंय? मालकानं मारलं का? का पोरीचं काय झालंय?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमाला खारट लागला?"

"लागला म्हंजे? समुद्र पिल्यावानी. ह्यांनी तोंड उघडलं, तसे मी डोळे वटारले, तर बिचारे पानी मागून गप बसले. चार मानसांत काय बोलू? जिजी टपूनच बसल्याली. येक वाईट सबूद आला आसता तर म्हातारीनं म्हनलं आसतं, बघा, म्हनूनच त्यांच्या हातचं नको. म्हनून पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापातूर. दिसभर घसा जळत हुता माझा."

आईला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. सूप कलंडलं, ज्वारी जमिनीवर पसरली. काकूंना काही उमगेना. आई डोळे पुसत माझ्याकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "सांग."

मी भिंतीला पाठ लावून उभी होते. जे केलं ते सांगितलं. मुंगळे सांगितले, सुंठेचे तुकडे सांगितले, मीठ सांगितलं. सांगताना प्रत्येक गोष्ट वावरात होती त्याहून लहान वाटत होती. काकूंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माझी परीक्षा घेतलीस व्हय गं शोभा?" रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर मी उलट बोलले असते. "मग? पास झाले का मी?"

स्वभाव जातो कुठे? मी विचारलंच, "मग बोरीखाली कोन वततं?"

काकूंनी मान खाली घातली. आई म्हणाली, "जिजी. पयल्या सालापासून मला ठावं हाय."

"तुला म्हाईत हुतं?" काकूंचा आवाज चिरकला. "मी दर साली तुझ्या आदी जाऊन पायानं माती सारत हुते गं, तुला दिसू नये म्हनून."

"आन् मी बघून न बघितल्यावानी करत हुते. तुमाला वाईट वाटंल म्हनून." आई ज्वारी गोळा करायला लागली. "मी तिच्यासाठी आनतच न्हाई वैनी. तुमच्यासाठी आनते."

दोघी मिळून ज्वारी भरत बसल्या. मला कुणी जवळ बोलावलं नाही, आणि तेच बरोबर होतं. दोन बायका इतकी वर्षं एकमेकींपासून एकच गोष्ट झाकून ठेवत होत्या, आणि मी एका सकाळी दोन मुठी मिठाने तिच्यावरचं झाकण काढलं. काकू आईवर रुसल्या नाहीत, आई दुसऱ्या दिवशी कामाला गेली, आणि वरून सगळं पूर्ववत झालं. पण त्या दिवसापासून काकू माझ्याशी बोलताना शब्द जपून बोलायला लागल्या. मोठ्या माणसाशी बोलावं तसं. मला त्याचा त्रास व्हायचा, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढची येळवस आली. चरवी आईने माझ्या डोक्यावर दिली. वावरात तीच कोपी, तेच दगड, थोरले दीर तसेच पान चघळत बसलेले, जिजी चुलीपाशी. उकाळा ऊन झाला. काकूंनी या वेळी पहिला पेला स्वतःला भरून घेतला. आणि कोपीकडे वळल्या नाहीत. पदर खांद्यावरच राहू दिला, आणि सगळ्यांदेखत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. थोरल्या दिरांनी पान चघळायचं थांबवलं. जिजी ओरडली, "गया, लाज हाय का न्हाई?" काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून त्या प्यायला लागल्या. उकाळा चांगलाच कडकडीत होता. गळ्याची घाटी खालीवर होत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पेला तोंडापासून सुटला नाही. संपल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बघ."

तीन लेकरांची आई असलेली ती बाई एका चौदा वर्षांच्या पोरीला आपला पेला दाखवत होती. मी मान खाली घालायला हवी होती. त्यांच्या पायांना हात लावायला हवा होता. निदान "नको काकू" एवढं तरी म्हणायला हवं होतं.

मी वाकून आत पाहिलं.